परीक्षक रस्त्यावर उभा असतो

चित्रकाराला ‘कुठे शिकलात?’ असं हिंगण्यात सहसा कुणी विचारत नाही. ‘किती घ्याल?’ आणि ‘कधी द्याल?’ एवढंच विचारतात, आणि ते रास्तच आहे. नागपूरला लागून असलेलं हे तालुक्याचं गाव बाहेरच्यांना ठाऊक झालं ते एमआयडीसीमुळे. कारखान्यांची फाटकं, ट्रान्सपोर्टची ऑफिसं, वानाडोंगरी-डिगडोहकडची कॉलेजं आणि दवाखाने, भाड्याच्या खोल्या, खानावळी. आणि या सगळ्यांच्या पाट्या. पाटी म्हटली की पेंटर आला. फ्लेक्स येईपर्यंत प्रत्येक वस्तीचा आपला एक पेंटर होता. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्याचं नाव असायचं आणि आडनावाच्या जागी ‘पेंटर’ हाच शब्द. जात, गाव, शिक्षण, सगळं त्या एका शब्दाने झाकलं जायचं.

या माणसांनी चित्रकला आणली कुठून? शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा दिलेल्या असत, त्या आज दहावीच्या वाढीव गुणांसाठी देतात तशाच. पुढे एखाद्या जुन्या पेंटरच्या हाताखाली डबे धरायचे, टर्पेंटाइनमध्ये ब्रश धुवायचे, खडूने भरलेली दोरी ताणून भिंतीवर रेघ मारायची. मग मोठ्या अक्षरांच्या आतला रंग भरायला मिळायचा, नंतर अक्षरं, आणि अंगात असेल त्याला सगळ्यात शेवटी चेहरा. चेहऱ्यासाठी फोटोवर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी भिंतीवर मोठ्या करून आखायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायचं. युरोपातल्या चित्रकारांनी भित्तिचित्रांसाठी हीच रीत वापरली होती. आपल्या पेंटरला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नाही.

चेहऱ्याची खरी कसोटी विदर्भात एकच. बाबासाहेब काढता आले पाहिजेत. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर नागपूरच्या वस्त्यावस्त्यांत हा चेहरा भिंतींवर, फलकांवर, विहारांत आला. निळा कोट, गोल चष्मा, रुंद कपाळ, किंचित मिटलेले ओठ. तो पाहायला येणाऱ्यांतला प्रत्येक माणूस तो चेहरा लहानपणापासून रोज पाहत आलेला. कपाळ अर्धा इंच कमी झालं की मागून आवाज येतो, ‘नजर नाही आली भाऊ.’ सांगणारा हमाल असतो, नाहीतर कंपनीतून सुटलेला फिटर. त्याला प्रमाणबद्धता, छायाप्रकाश यातलं काही बोलता येणार नाही. पण चूक नेमकी कुठे आहे ते तो बोट ठेवून दाखवतो. पेंटर शिडीवरून उतरतो, दहा पावलं मागे जातो, डोळे बारीक करून पाहतो आणि बहुतेक वेळा पुन्हा वर चढतो.

माझं म्हणणं या शिडीपाशीच सुरू होतं. वास्तववादी चित्राची परीक्षा रस्त्यावरचा माणूस घेऊ शकतो. म्हणूनच कलाशाळेचं दार न पाहिलेला माणूस चित्रकलेत शिरतो तो बहुधा याच वाटेने. अमूर्त चित्र चांगलं की वाईट हे सांगायला वाचलेला, पाहिलेला, त्या वर्तुळात वावरलेला माणूस लागतो. त्या वर्तुळाचं निमंत्रण हिंगण्याच्या पोराला कोण देणार? बेंच, सायकल, म्हातारीचा हात हुबेहूब उतरला की नाही, हे मात्र समोरची वस्तूच सांगते. वस्तू फी मागत नाही, जात विचारत नाही, इंग्रजी बोलत नाही, आणि चुकलं तर कधीही सूट देत नाही. इतका कडक आणि इतका फुकट शिक्षक दुसऱ्या कुठल्या शैलीला मिळालेला नाही.

नागपुरात याचं ठळक उदाहरण म्हणजे बिजय बिस्वाल. मूळचे ओडिशाचे. रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नागपुरात नोकरी केली, चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं नाही, आणि पुढे नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रकार झाले. पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्येही त्यांचा उल्लेख झाला आणि ‘चित्र काढणारा टीसी’ अशी त्यांची ओळख देशभर झाली. मला त्या ओळखीत थोडी खोच दिसते. टीसी असूनही चित्रकार, असा तिचा सूर आहे. त्यांची चित्रं नीट पाहिली तर उलटंच वाटू लागतं: हा माणूस टीसी होता म्हणूनच ही चित्रं झाली.

फलाट पाहायला कलाशाळेचा विद्यार्थीही जातो. स्केचबुक घेऊन जातो, दोन तास बसतो, चहा पितो, परत येतो. टीसी तिथे पहाटे असतो, भर दुपारी असतो, पावसाळी रात्री दोन वाजताही असतो. गाडी येण्याआधी आणि गेल्यानंतर फलाटावर माणसं कशी पसरतात, बोचकं डोक्याखाली घेऊन झोपलेला माणूस पाय कसे दुमडतो, रूळ दूरवर एका बिंदूत मिळताना मधल्या सांध्यांवर उजेड कसा तुटतो, हे त्याला मुद्दाम शिकावं लागत नाही. बिस्वाल यांच्या गाजलेल्या चित्रांत पाऊस पडून गेलेला फलाट वारंवार येतो. ओला फलाट म्हणजे नवशिक्याची फजिती. आपल्याला वाटतं प्रतिबिंब म्हणजे वरचंच चित्र उलटं केलं. तसं नसतं. ओल्या जमिनीतलं प्रतिबिंब खालून पाहिल्यासारखं असतं. उघडी छत्री वरून पाहताना तिचं कापड दिसतं, पण पाण्यात तिच्या काड्या आणि आतला अंधार दिसतो. पांढरा सदरा पाण्यात किंचित मळतो, काळा कोट किंचित उजळतो. फरशी खडबडीत असेल तर प्रतिबिंब आडवं फारसं पसरत नाही, उभं लांबत जातं. म्हणून दूरच्या सिग्नलचा तांबडा ठिपका पायाशी येईपर्यंत लांब पट्टा होतो. हे पुस्तकातही सापडतं. पण ज्याने वर्षानुवर्षं रात्रपाळीत त्या पट्ट्यांवरून चालत तिकिटं तपासली, त्याला पुस्तक उघडावं लागत नाही.

नोकरी ही कलेची सवत, असं आपण फार सहज धरून चालतो. दिवाळी अंकांतल्या कितीतरी आठवणींत लेखक कारकुनीला शिव्या घालत असतो. नोकरी वेळ खाते हे खरं आहे, अंगातली शक्तीही खाते. पण काही नोकऱ्या डोळा घडवतात, आणि कुठला डोळा घडणार हे त्या नोकरीत रोज समोर काय असतं यावर ठरतं.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर घ्या. 1890 साली मेस्त्री घराण्यात जन्म. वडील कृष्णराव कसबी कारागीर. लाकूड, दगड, हस्तिदंत, हाताला लागेल ते घडवणारे. बाबूरावांना आपण ‘कुठेही न शिकलेले’ म्हणतो तेव्हा हे घर विसरतो. ज्या घरात रंधा आणि पटाशी पाळण्यापासून कानावर पडते तिथे घनता, वळण, कडा या गोष्टी बोटांना आधीच माहीत होतात. ते आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव यांनी चित्रकला एकमेकांच्या संगतीने आत्मसात केली आणि पोटासाठी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसाठी त्यांनी केलेल्या पडद्यांची त्या काळी वाहवा झाली.

पडदा रंगवणं म्हणजे काय, हे आज सांगावं लागेल. सपाट कापडावर राजवाडा उभा करायचा, तोही असा की पहिल्या रांगेतल्या सावकाराला आणि शेवटी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला दोघांनाही खांबांमागे खांब गेल्यासारखा वाटला पाहिजे. पुढे नट चालणार, म्हणून पडद्याचा रंग त्याच्या शेल्यावर मात करणार नाही एवढा दबका हवा. दिव्यांचा उजेड पिवळा, म्हणून निळा वेगळा मिसळायला हवा. लांबी, खोली, उजेड आणि मधला माणूस, यांचं गणित त्यांनी याच कामावर गिरवलं. पुढे दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये आला आणि हे दोघे भाऊ चित्रपटाच्या नादी लागले. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना घेऊन कॅमेरा स्वतः घडवला, तानीबाई कागलकर या गायिकेने पैशांचं पाठबळ दिलं आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पडद्यावर आली. तिच्यातला कीचकवध इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले, अशी हकीकत सांगतात. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. रस्त्यावरच्या परीक्षकाने पैकीच्या पैकी गुण दिले होते.

आणि मग 1925 मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ केला. हरि नारायण आपट्यांच्या कथेवरचा हा मूकपट. सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. देव नाहीत, राक्षस नाहीत, राजवाडे नाहीत; कीचकवधाचा थरार शोधणाऱ्याला इथे काहीच नव्हतं. भारतीय चित्रपटातल्या सामाजिक वास्तववादाची सुरुवात अभ्यासक इथे धरतात. त्यावेळच्या प्रेक्षकांनी मात्र तो ‘सैरंध्री’सारखा डोक्यावर घेतला नाही. ज्या गर्दीने पौराणिक खूनसुद्धा ‘खराखुरा’ म्हणून पास केला, तिला आपल्याच शेजारच्या घरातला खरेपणा पाहवेना.

इथे माझ्या आधीच्या म्हणण्याची दुसरी बाजू पुढे येते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. रस्त्यावरचा परीक्षक दार उघडतो, पण त्याच दाराच्या उंबरठ्यावर तो उभाही राहतो. त्याला हुबेहूब हवं असतं, पण त्याने आधीच ठरवलेल्या गोष्टीचं हुबेहूब. पुढाऱ्याचं पोट कमी करून हुबेहूब. वारलेल्या आजोबांच्या चेहऱ्यावरचा व्रण काढून हुबेहूब. आपल्याकडे चित्राला दिलं जाणारं सर्वोच्च प्रमाणपत्र म्हणजे ‘अगदी फोटो वाटतो.’ दिवाळीतल्या व्यक्तिचित्रांच्या रांगोळी-प्रदर्शनात उभं राहून ऐका. चाळणीतून चिमूटचिमूट रंग सोडून कुणीतरी रात्रभर गालावरची सुरकुती उतरवलेली असते आणि दर दुसरा माणूस हेच वाक्य बोलून पुढे सरकतो. करणारा खूश होतो. व्हावं, त्याचा तो हक्क आहे. पण फोटो वाटावा एवढंच उद्दिष्ट असेल तर फोटो स्वस्त पडतो, हे बाजाराने फार लवकर ओळखलं. फ्लेक्सने पेंटरची भिंत घेतली ती याच हिशेबाने. वाढदिवसाच्या फलकावर पंचवीस चेहरे एका रात्रीत छापून मिळतात. तिथे चौकटी आखणाऱ्याने काय करायचं?

फोटोवरून काढण्यात मला पाप दिसत नाही. पण कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, आणि तो सावलीतलं सगळं काळं करतो, उजेडातलं सगळं पांढरं. प्रत्यक्ष पाहणाऱ्याला सावलीतही निळा, जांभळा, भिंतीवरून परतलेला पिवळा दिसतो. प्रोजेक्टर लावून कॅनव्हासवर रेघा गिरवणारा माणूस कॅमेऱ्याच्या चुका हुबेहूब उतरवतो. कलाशाळेतून आलेलेही आज हे सर्रास करतात, त्यामुळे स्वयंशिक्षितांनाच नावं ठेवण्यात हशील नाही. फरक एवढाच की कलाशाळेत निदान दोन-तीन वर्षं समोर मॉडेल बसलेलं असतं. जिवंत माणूस दर पाच मिनिटांनी किंचित हलतो, त्याचा श्वास चालू असतो, आणि कुठली रेघ ठेवायची, कुठली सोडायची हे तुम्हाला ठरवावं लागतं. या ठरवण्यातच चित्रकार तयार होतो. पाटीवाल्याला ही बैठक मिळत नाही. त्याला फोटो आणून दिला जातो.

म्हणून ‘शाळा न शिकताही मोठा झाला’ ही गोष्ट ऐकताना मला नेहमी थोडं अस्वस्थ वाटतं. ती ऐकायला गोड असते आणि ऐकणाऱ्यांची जबाबदारी सोडवते. राजा रविवर्मांची गोष्ट पाहा. तैलरंगाचं तंत्र त्रावणकोर दरबारातला जाणता चित्रकार शिकवायला तयार नव्हता, तेव्हा त्याच्याच शिष्याने गुपचूप मदत केली, असं सांगतात. थिओडोर जेन्सन हा परदेशी चित्रकार दरबारात काम करताना त्यांनी पाहिला. राजघराण्याशी जवळीक असलेल्या मुलालाही हे असं चोरून, पाहून शिकावं लागलं. जवळीक नसलेल्यांचं काय झालं असेल? आपल्यापर्यंत जे पोचले त्यांच्याच कथा पोचल्या. जे हाताखालीच राहिले, डबे धुता धुता म्हातारे झाले, त्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत.

नागपूरच्या कलाशाळेचं मोल या ठिकाणी मान्य करायलाच हवं. मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा वनखात्यातल्या माणसाचा मुलगा सय्यद हैदर रझा 1939 ते 1943 नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला आणि मग मुंबईला जे. जे.मध्ये गेला. अमरावतीकडच्या तळेगाव दशासरचे हरि अंबादास गाडे विज्ञानाची पदवी घेतलेले, तेही याच शहरातून चित्रकलेत आले. 1947 मध्ये मुंबईत जमलेल्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या मंडळींत हे दोघेही होते. त्याच मंडळीत मोटारी धुऊन पोट भरलेले कृष्णाजी आरा होते आणि सिनेमाची होर्डिंग रंगवलेले, पंढरपूरला जन्मलेले हुसेन. म्हणजे आधुनिकांनीही मागच्या दाराने आलेल्यांना जवळ केलं. मात्र होर्डिंगवरचा हुबेहूबपणा मागे टाकल्यावरच हुसेन त्या वर्तुळातले झाले. होर्डिंगचा हात त्यांना सोडून गेला नाही. ती रुंद, न थरथरणारी रेघ शिडीवरचीच आहे. समीक्षकांनी तिचं कौतुक केलं ते मात्र ती युरोपीय आधुनिकतेच्या भाषेत बसू लागल्यावर.

वास्तववादाकडे कलाजगताने गेली सत्तर-ऐंशी वर्षं जरा नाक मुरडूनच पाहिलं. ‘कॅलेंडरवाले’ हा तिथे शेलका शब्द आहे. ज्या मुलगावकर-दलालांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं सजवली आणि मराठी घरांच्या भिंतींना पहिली चित्रं दिली, तेही कलेच्या इतिहासात बराच काळ तळटीपेतच राहिले. यातला काही भाग नुसता तोरा आहे. पण सगळा नाही. कॅलेंडरवरच्या कितीतरी चित्रांत कसब होतं आणि पाहणं नव्हतं; प्रत्येक बाई त्याच एका बाईसारखी, प्रत्येक संध्याकाळ त्याच केशरी रंगाची. बिस्वाल यांच्या फलाटाचं आणि बाबूरावांच्या ‘सावकारी पाश’चं वेगळेपण हेच की दोघांनी गिऱ्हाईकाने न मागितलेली गोष्ट हुबेहूब केली. फलाटाचं चित्र दिवाणखान्यात लावायला कुणी ऑर्डर दिलेली नव्हती. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचा सिनेमा काढा, असं कुठला वितरक म्हणाला असेल?

हिंगण्यात न मागितलेल्या विषयांचा तुटवडा नाही. ‘सावकारी पाश’मधला शेतकरी गिरणीत गेला, इथे कारखानाच शिवारात आला. पाळी सुटण्याच्या वेळी फाटकातून बाहेर पडणारे चेहरे, वेल्डिंगच्या ठिणगीने खडबडीत झालेले हात, हेल्मेट काढल्यावर केसांवर राहिलेली गोल खूण. हे सगळं रोज पाहणारी माणसं त्याच फाटकात काम करतात, आणि त्यांच्यातल्या कुणाच्या तरी वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने काहीतरी काढलेलं असणार, याबद्दल मला शंका नाही. अशा माणसाला यूट्यूबवर आज रंग मिसळण्याचे हजार धडे मिळतात. रविवर्मांना जे चोरून पाहावं लागलं ते त्याच्या खिशात आहे. मिळत नाही ती गोष्ट वेगळी आहे: समोर बसलेलं मॉडेल, आणि ‘नजर नाही आली’ याच्या पुढे जाऊन ‘का नाही आली’ हे सांगणारा जाणता माणूस. पहिला परीक्षक रस्त्यावर फुकट मिळतो. दुसरा संस्थेतच असतो.

2020 च्या जानेवारीपासून हिंगणा एमआयडीसीजवळच्या लोकमान्य नगरहून सीताबर्डीला मेट्रो जाते. पाळी सुटलेला कामगार तासाभरात शहराच्या मध्यावर पोचू शकतो. नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, तिथे ईझल आहेत, शिकवणारे आहेत. आठवड्यातून दोनदा जिवंत मॉडेलवरून रेखाटनाचा वर्ग तिथे सर्वांसाठी उघडा ठेवता येईल. खर्च मॉडेलच्या मानधनाचा, विजेचा आणि एका शिक्षकाच्या जादा तासांचा. प्रवेशाला बारावीची गुणपत्रिका मागू नये, वयाची अट घालू नये. आणि रात्रपाळीवाल्यांसाठी त्यातला एक वर्ग सकाळी ठेवावा.